ब्लँकेटं वाटायला येता, मग सुनावणीला का येत नाही?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पत्र जरा लांबलंय, कापाकापी केलीत तरी चालेल, फक्त शेवटची विनंती तेवढी ठेवा.

विकास आराखड्याच्या (शहरातली कुठली जागा कशासाठी वापरायची ते ठरवणारा कागद) सुनावणीला मी आयुष्यात पहिल्यांदा गेले ती चुकूनच. मी एका प्रार्थनास्थळाच्या ट्रस्टवर खजिनदार आहे (कुठल्या धर्माचं ते मुद्दाम सांगत नाहीये, सांगितलं की अर्धे लोक पत्र वाचायचं सोडतील आणि उरलेले भलत्याच कारणासाठी वाचतील). आमच्या जागेवर काहीतरी आरक्षण पडलंय, म्हणजे ती सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलीय, असं कुणीतरी सांगितलं म्हणून धावत गेले तर ते आरक्षण दुसऱ्याच जागेवर निघालं. म्हटलं आलोच आहोत तर बसू, आणि तीन तास बसले. विषय होता एका रिकाम्या जागेवर परवडणारी घरं बांधायला परवानगी द्यायची की नाही. हॉल भरलेला, एकेक जण उठतोय, हातात टाईप केलेली हरकत, ट्रॅफिक वाढेल, पाणी पुरणार नाही, पार्किंग कुठंय, एरियाची शांतता जाईल, आणि एक गृहस्थ म्हणाले आमचा गरिबांना विरोध नाहीच, फक्त ही जागा नको. त्यावर टाळ्या. घरं व्हावीत म्हणून किती जण बोलतात ते मी मोजत होते. एक. तो पण ही योजना मांडणाऱ्या खात्याचाच अधिकारी होता, त्याला बोलणं भाग होतं.

आता यात नवल काहीच नाही म्हणा. ज्यांना ती घरं मिळायची त्यांना स्वतःलाच ते माहीत नसतं, ते अजून त्या एरियात राहत नाहीत, दीड-दोन तास प्रवास करून तिथे कामाला येतात, आणि सुनावणी ठेवलेली असते कामाच्या दिवशी सकाळी अकराला. ज्यांचं घर आधीच झालंय तेच फक्त येऊ शकतात, म्हणून तेच येतात. मला झोंबलं ते वेगळंच. हरकत घेणाऱ्यांत आमच्याच प्रार्थनास्थळातले पाच-सहा ओळखीचे चेहरे होते. थंडीत फुटपाथवरच्या लोकांना ब्लँकेटं वाटायची म्हणून माझ्याबरोबर पहाटे चारला उठणारी माणसं ही! खोटी नाहीत हो, मनापासून करतात. पण ज्याला रात्री ब्लँकेट दिलं त्याला घर मिळू नये म्हणून सकाळी अकराला हात वर करतोय हे त्यांच्या ध्यानातच येत नाही, कारण आराखडा, झोन (कुठल्या भागात काय बांधता येईल), एफएसआय (प्लॉटच्या मानानं किती बांधकाम चालेल) हे शब्द ऐकले की आपलं डोकं बंद पडतं, माझं पण पडायचं.

तेव्हापासून मी जमेल तसं वाचत सुटले. आणि वाचता वाचता एक गोष्ट अशी सापडली की ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात माउंट लॉरेल नावाचं गाव आहे. तिथे पिढ्यानपिढ्या राहणारी कृष्णवर्णीय कुटुंबं मोडक्या घरांत, काही तर कोंबड्यांच्या खुराड्यांची घरं करून राहत होती. त्यांनी ठरवलं ३६ छोटे फ्लॅट बांधायचे, गावाकडे परवानगी मागितली. गावाच्या आराखड्यात फ्लॅट बसतच नव्हते, मोठ्या प्लॉटवर एक कुटुंब एक घर असा सगळा कारभार. १९७० साली गावचे मेयर एका रविवारी या लोकांच्या चर्चमध्येच आले आणि सांगून गेले की ज्यांना इथे राहणं परवडत नाही त्यांना जावं लागेल. म्हणजे चर्चच्या बाकावर बसून ऐकायचं हे! त्या चर्चमध्ये एथेल लॉरेन्स नावाची बाई होती, पाळणाघरात मुलांना शिकवणारी. १९७१ ला गावाविरुद्ध केस झाली, त्यात ती उभी राहिली. १९७५ ला राज्याच्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की वाढत्या गावांना नियोजनाचे नियम वापरून कमी कमाईच्या लोकांना बाहेर ठेवता येणार नाही, गरज आहे त्यातला आपला वाटा प्रत्येकाने उचलायचा. तरी गावं ढिम्म. १९८३ ला कोर्टाला परत तेच, जरा दरडावून सांगावं लागलं. एथेलबाई १९९४ ला गेल्या, त्यांच्या नावाची घरं लोकांना राहायला मिळाली २००० च्या शेवटी. तीस वर्षं लागली, ३६ फ्लॅटच्या एका अर्जापासून!

आणि गंमत म्हणजे, ज्या भीतीपोटी हे सगळं तीस वर्षं रखडलं ती भीती नंतर प्रिन्स्टन विद्यापीठाच्या डग्लस मॅसी यांच्या टीमनं तपासली. आजूबाजूच्या तशाच गावांशी तुलना करून बघितलं, गुन्हे वाढले का, घरांच्या किमती पडल्या का, टॅक्स वाढला का. त्या घरांमुळे यातलं काहीच झालेलं त्यांना दिसलं नाही. हा अभ्यास २०१३ ला पुस्तकरूपानं आला. मी त्याचे मुद्दे एका कागदावर लिहून पर्समध्येच ठेवलेत, कोणी "आमच्या फ्लॅटचा भाव पडेल" म्हटलं की काढते.

आता मूळ मुद्दा. घर महाग का होतं असं विचारलं की आपण सिमेंट, लोखंड, बिल्डरचा नफा, बँकेचं व्याज एवढंच म्हणतो. ते आहेच. पण त्याच्या आधी एक कागद असतो, त्यात लिहिलेलं असतं प्लॉट किती मोठा पाहिजे, मजले किती चालतील, एका प्लॉटवर किती कुटुंबं राहतील, गाड्या किती लावता आल्या पाहिजेत. पार्किंगचंच घ्या. एक गाडी उभी करायची, तिला आत-बाहेर करायला रस्ता धरायचा म्हणजे साधारण तीनशे चौरस फूट जागा जाते. तीनशे चौरस फुटात एखादं माणूस राहील की हो! दर फ्लॅटमागे दोन गाड्यांची जागा सोडाच असा नियम केला की ज्याच्याकडे सायकल पण नाही त्याच्या भाड्यात दोन गाड्यांची जागा येऊन बसते. हे नियम कुणी दुष्टपणानं केले असं नाही, काही आगीपासून, रोगराईपासून वाचायला केले, ते पाहिजेतच. पण काही नुसते "आपल्यासारखी" माणसंच शेजारी यावीत म्हणून झाले. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं १९२६ साली युक्लिड नावाच्या गावाच्या केसमध्ये झोनिंगला मान्यता दिली तेव्हा त्या निकालपत्रात अपार्टमेंटच्या इमारतीला चक्क 'बांडगूळ' या अर्थाचा शब्द वापरलाय. इमारतीला म्हटलंय, पण लागतं ते आत राहणाऱ्याला ना.

नियम बदलले की फरक पडतो हे पण दिसलंय. न्यूझीलंडच्या ऑकलंडनं २०१६ च्या आराखड्यात राहत्या जमिनीपैकी साधारण तीन चतुर्थांश भागावर आधीपेक्षा जास्त घरं बांधायला मोकळीक दिली, त्यानंतर तिथे बांधकाम परवानग्या भराभर वाढल्या. म्हणजे सगळं सुटलं का, तर नाही. नुसतं जास्त बांधायला दिलं की अगदी खालच्या थरातल्या माणसापर्यंत घर पोचतंच असं नाही, त्याला वेगळी अट लागते. व्हिएन्नात २०१९ पासून असा नियम आहे की जमिनीचा वापर बदलून तिथे मोठा गृहप्रकल्प करायचा असेल तर राहत्या क्षेत्राचा दोन तृतीयांश भाग अनुदानित घरांसाठी ठेवायचा. तिथलं साधारण निम्मं शहर पालिकेच्या किंवा मर्यादित नफ्याच्या संस्थांच्या घरांत राहतं, त्यात शिक्षक असतात, नर्स असतात, कुणी नाक मुरडत नाही. पण ही अट आराखड्यात आली कशी? कोणीतरी वर्षानुवर्षं मागितली म्हणून आली.

आणि इथेच आपण प्रार्थनास्थळवाले कमी पडतोय. आपल्याकडे दोन गोष्टी आहेत ज्या दुसऱ्या कुणाकडे एकत्र नाहीत, जागा आणि माणसं.

जागेचं आधी सांगते. आमच्याच ट्रस्टचं पार्किंग आठवड्यातून एक दिवस भरतं, सहा दिवस तिथे कुत्री झोपतात. मागे एक हॉल आहे, छत गळतं म्हणून बंद. असं कितीतरी ठिकाणी असेल. कॅलिफोर्नियात याच्यावर २०२३ साली कायदाच केला, एसबी ४ म्हणतात त्याला. धार्मिक संस्थांच्या आणि ना-नफा कॉलेजांच्या जागेवर परवडणारी घरं बांधायची असतील तर झोन बदलून घ्यायची वेगळी लढाई नको, ठरलेले निकष पाळले की परवानगी द्यायचीच, शेजाऱ्यांच्या मर्जीवर अडवायचं नाही. भाड्याची घरं असतील तर ५५ वर्षं परवडणारीच ठेवायची. बर्कले विद्यापीठाच्या टर्नर सेंटर या अभ्यास केंद्रानं मोजलं तर त्या एका राज्यात धार्मिक संस्थांची अशी बांधता येण्यासारखी सुमारे ४७ हजार एकर जागा निघाली. तिथे या चळवळीला 'येस इन गॉड्स बॅकयार्ड' म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत देवाच्या परसात या, राहा. सॅन डिएगो शहरानं तर त्याच्याही आधी, २०१९ लाच, चर्चच्या पार्किंगची अट सैल केली होती कारण बांधायचं म्हटलं की घोडं तिथेच अडायचं.

पण जागा आहे म्हणून उद्या बांधा इतकं सोपं नाही, खजिनदार म्हणून सांगते. विश्वस्तांवर जबाबदारी असते की ट्रस्टची मालमत्ता कवडीमोलाने द्यायची नाही. इंग्लंडमध्ये चर्चच्या आर्चबिशपांनी घरांच्या प्रश्नावर नेमलेल्या आयोगाचा रिपोर्ट फेब्रुवारी २०२१ ला आला, त्यात हीच अडचण होती, की चर्चनं जमीन विकताना जास्तीत जास्त किंमत घ्यायची असं बंधन असेल तर परवडणाऱ्या घरांना ती मिळणार कशी, म्हणून हे नियमच बदला असं त्यांनी सुचवलं. दुसरी अडचण जास्त ओळखीची आहे. कुणीतरी गोड बोलणारा बिल्डर येतो, ट्रस्टला चकाचक हॉल बांधून देतो म्हणतो आणि बाकीच्या जागेवर स्वतःचा टॉवर ठोकतो. पन्नास वर्षांनी ट्रस्टकडे हॉलचं छत परत गळतंय आणि जमीन गेलेली. म्हणून माझं म्हणणं जमीन विकूच नका, लांब मुदतीच्या लीजवर द्या, घरं कुणाला आणि किती भाड्यानं हे लीजमध्येच लिहा.

यावर एक उत्तम पद्धत आहे, कम्युनिटी लँड ट्रस्ट. जमीन कायम ट्रस्टची, तिच्यावरचं घर तेवढं कुटुंबाचं. कुटुंब घर विकून गेलं तर ठरलेल्या हिशोबानं किंमत घेऊन जातं, जमिनीचा वाढलेला भाव खिशात घालता येत नाही, म्हणून पुढच्या कुटुंबाला पण ते घर परवडतं. आणि ऐका, या कल्पनेचं एक मूळ कुठे, तर आपल्या गागोद्याच्या विनोबांकडे! १९५१ ला पोचमपल्लीत भूदान सुरू झालं, त्यातून पुढे ग्रामदान आलं, म्हणजे जमीन एकेकट्याची राहणार नाही, गावाची. तिकडे अमेरिकेच्या दक्षिणेत मतदार यादीत नाव घातलं म्हणून कृष्णवर्णीय कुळांना जमिनीवरून हाकलत होते, तेव्हा तिथल्या नागरी हक्कवाल्यांनी ग्रामदानाचा धागा धरून १९६९ ला जॉर्जियात न्यू कम्युनिटीज नावानं पहिला असा लँड ट्रस्ट उभा केला. ती जमीन पुढे दुष्काळ आणि कर्जापायी हातची गेली, पण कल्पना उरली. मग १९८० च्या सुमारास सिनसिनाटी शहराच्या वेस्ट एंड भागात चर्चेसच्याच एका आघाडीनं शहरी भागातला असा पहिला लँड ट्रस्ट काढला, जुन्या रहिवाशांना भाडेवाढीनं हुसकलं जाऊ नये म्हणून. विनोबांचं भूदान आपण शाळेत दोन मार्कांसाठी पाठ केलं आणि विसरलो.

दुसरी गोष्ट माणसांची, आणि माझ्या मते ही जागेपेक्षा मोठी आहे. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या ब्राऊन्सव्हिल आणि ईस्ट न्यूयॉर्क या भागांत सत्तरच्या दशकात रांगाच्या रांगा जळून ओसाड पडल्या होत्या. तिथल्या वेगवेगळ्या पंथांच्या चर्चेसनी एकत्र येऊन ईस्ट ब्रुकलिन चर्चेस नावाची संघटना केली, एरवी एकमेकांच्या दारात न जाणारे लोक हे. वरच्या धर्मसंस्थांकडून बिनव्याजी पैसे आणले आणि फिरतं कर्ज ठेवलं, घर विकलं की त्याच पैशात पुढचं घर. पण पैसे असून पण जमीन पालिकेची, मग हजारोंनी माणसं जमवून महापौर एड कॉच यांच्यासमोर उभे राहिले, शेवटी पालिकेनं जमीन दिली आणि घरामागे दहा हजार डॉलरचं बिनव्याजी कर्ज. १९८२ ला कुदळ पडली. नेहेमायाची घरं म्हणतात त्यांना, जेरुसलेमची पडलेली भिंत परत बांधणाऱ्या बायबलमधल्या नेहेमायाच्या नावानं. एक घर साधारण पन्नास हजार डॉलरला पडलं, शहरात तेव्हा दुसरीकडे त्या पैशात काही मिळत नव्हतं, आणि गेल्या चाळीस वर्षांत तशी हजारो घरं झाली. त्या चर्चेसकडे स्वतःची जमीन जवळजवळ नव्हतीच. माणसं होती, आणि ती दर मीटिंगला येत होती.

एक सावधगिरीची गोष्ट पण सांगते नाहीतर म्हणाल बाई फक्त गोडगोड लिहिते. जर्मनीत आऊग्सबुर्ग शहरात फुगराय नावाची वसाहत आहे, याकोब फुगर या गडगंज सावकारानं १५२१ साली गरीब कुटुंबांसाठी दान केलेली. आज पाचशे वर्षांनी पण तिथे वर्षाचं भाडं एक जुना गुल्डन म्हणजे ८८ सेंट, एक युरो पण नाही! शिवाय रोज तीन प्रार्थना फुगर घराण्यासाठी म्हणायच्या आणि राहणारा कॅथलिक पाहिजे. वाचून मी थक्क झाले, पाचशे वर्षं शब्द पाळणं म्हणजे खाऊ नाही. पण ती शेवटची अट आजच्या काळात आपण लावू नये असं मला ठामपणे वाटतं. घर देताना धर्म विचारला की त्या घराचं आमिष होतं, आणि शेजारी नवी भिंत उभी राहते. शिवाय सरकारी सवलत, वाढीव एफएसआय घ्यायचा आणि घरं फक्त आपल्याच लोकांना द्यायची, हे चालणार नाही, चालू पण नये.

हरकत घेणारे सगळे चुकीचे असतात असं पण मी म्हणत नाही. पाण्याचा आणि ड्रेनेजचा मुद्दा खरा असतो बऱ्याचदा. मग त्याचं उत्तर घरं नकोत हे कसं, पाईपलाईन वाढवा, किती कुटुंबांना पुरेल त्याचा आकडा सुनावणीत मांडा, असं मागा ना. गंमत बघा, त्याच रस्त्यावर आलिशान टॉवर येतो तेव्हा पाण्याची आठवण एवढ्या जोरात कुणाला होत नाही.

आमच्या ट्रस्टचं काय झालं ते विचाराल. मी मीटिंगमध्ये विषय काढला, मागच्या जागेवर दहा-बारा छोटी घरं होतील का, आर्किटेक्टला नुसतं विचारू तरी. एक विश्वस्त म्हणाले लोक राहायला आले की पावित्र्य राहत नाही. मी म्हटलं आत्ता तिथे कुत्री राहतात त्याचं काय. थोडं हसले सगळे, मग "पुढच्या मीटिंगला बघू" असं मिनिटबुकात लिहिलं गेलं. ते पुढचं अजून आलेलं नाही. मी दर महिन्याला मिनिटबुक उघडून ती ओळ वाचून दाखवते, माझ्यावर वैतागलेत.

पण एक झालं. त्याच रिकाम्या जागेची पुढची सुनावणी होती तेव्हा मी ब्लँकेटवाल्या ग्रुपवर मेसेज टाकला, म्हटलं या वेळी ब्लँकेट नको, अर्धा दिवस द्या. अकरा जण आले. त्यातले एक काका आधीच्या वेळी टाळ्या वाजवणाऱ्यांत होते. त्यांनी उठून काही मोठं भाषण केलं नाही, एवढंच सांगितलं की माझ्या आईला सांभाळायला येणारी मुलगी दोन तास लांबून येते, तिची शेवटची गाडी चुकू नये म्हणून संध्याकाळी सहाला आईला अर्धवट जेवणावर सोडून पळते, ती जवळ राहिली तर मला हरकत नाही, लिहून घ्या. लिहून घेतलं. दुसऱ्या एका प्रार्थनास्थळाचे तिघं बाहेर भेटले, ते पण पहिल्यांदाच आले होते, आम्ही नंबर घेतले एकमेकांचे. निकाल अजून लागायचाय, काय होईल माहीत नाही.

आता विनंती, तुम्हाला आहे. या सुनावण्यांच्या नोटिसा तुमच्याच पेपरात येतात, आतल्या पानावर, लग्न-घटस्फोट-नाव बदलल्याच्या जाहिरातींच्या मधे, भिंग लावून वाचाव्या लागतात अशा टायपात, आणि भाषा अशी की "उक्त अधिनियमाच्या तरतुदींन्वये" वाचूनच माणूस पान उलटतो. ती छापायची सक्ती म्हणून छापता, कळतं मला. पण त्याच्या शेजारी, किंवा स्थानिक बातम्यांच्या पानावर, चार साध्या ओळी द्याल का, कुठली जागा, तिथे काय होणार, हरकत किंवा पाठिंबा कधीपर्यंत आणि कुठे द्यायचा, सुनावणी किती वाजता. तुम्ही छापलंत की ते कात्रण आमच्या नोटीस बोर्डवर, उत्सवाच्या पत्रकाच्या वर लावायचं काम माझं.

आपल्या पेपरची जुनी वाचक
(आणि एका ट्रस्टची वैताग आणणारी खजिनदार)